गावातली सगळ्यात चांगली शी

सुंबरजाती ह्या गावात असं एकही लहान पोर नाही, ज्याचं ढुंगण वागिनेमनं पाहिलेलं नाही. मोठ्यांचीही पाहिली आहेत, पण त्यांना आता मिशा फुटल्यामुळे ते कबूल करत नाहीत. महिन्यातून एकदा वाडीप्रमुखाच्या ओसरीवर तुळईला काटा टांगायचा, काट्याला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत रडतं पोर घालायचं आणि त्याच्या हातपाय झाडण्यातून खरं वजन हेरायचं, हे काम ती लग्न होऊन गावात आल्यापासून करते आहे. पगार नाही. सरकारकडून कधीमधी एकसारख्या रंगाचं कापड मिळतं, तेही बाहीला पुरत नाही. एवढी हौस कशाला म्हणून कुणी विचारलं तर म्हणते, "मग काय तुमच्या अंदाजावर सोडू? तुमच्या डोळ्यांना आपापली सगळीच गुटगुटीत दिसतात."

गाव तिला काट्याची बू म्हणतं. बू म्हणजे आई. केस पिकायला लागले की आमच्याकडे कुठलीही बाई सगळ्यांची बू होते, पण वागिनेम केस काळे असल्यापासूनच होती.

पोटापाण्याचा धंदा तेंप्याचा. सोयाबीन भिजत घालायचं, टोपलीत पायांनी तुडवून सालं काढायची, शिजवून गार करायचं, त्याला विरजण चोळायचं आणि केळीच्या पानात पुडे बांधून उबेला ठेवायचे. पान उघडावं तर आतले दाणे पांढऱ्या बुरशीनं एकमेकांना घट्ट धरून बसलेले. तिच्या पुड्यांना बाजारात पडून राहणं माहीत नाही. नवरा ऐन उमेदीत गेला, मुलगा तेव्हा शाळेत होता, आणि ह्या पुड्यांवरच तिनं त्याला वाढवला. तो आता दूर बेकासी शहरात कारखान्यात आहे. सून एंदाह आणि चार वर्षांची नात आरुम वागिनेमपाशी राहतात.

नवरा गेला त्या दिवसांत तिला सावरलं ते तुमिराहनं. दोघी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून गावात आल्या, शेजारशेजारच्या घरांत पडल्या, एकाच विहिरीवर भांडल्या आणि तिथंच मैत्रिणी झाल्या. वागिनेम भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची तेव्हा तुमिराह स्वतःचा धंदा बंद ठेवून तिच्या चुलीवर भात शिजवायची आणि घास भरवताना म्हणायची, "गिळ गं. नाहीतर तुझ्या सासूला मलाच सांभाळावं लागेल." असं माणूस एकदा आयुष्यात आलं की त्याचे उपकार फेडायचे नसतात. फेडायला जाणं हाच अपमान.

तुमिराहची शाळेच्या फाटकापाशी सरबताची गाडी आहे. गुलाबी, हिरवं, निळं. बर्फ घालून पिशवीत बांधायचं, वर नळी खोचायची. गोडी सॅकरीनच्या पुडीची. चिमूटभर टाकली की बादली गोड होते. ह्यात आमच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळेच गाडीवाले तेच करत. साखर महाग, पूड स्वस्त, आणि पोरांना गोड हवं. शहरातली माणसं बारीक व्हायला असली पूड खातात म्हणे. आमची पोरं आधीच बारीक होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

प्रश्न आरुमचा होता. गेलं वर्षभर तिचं पोट ढोलासारखं फुगायचं. कधी पाण्यासारखं व्हायचं, कधी दिवसेंदिवस व्हायचंच नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मिठा-साखरेच्या पाण्याच्या पुड्या दिल्या. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. वजन एका जागी अडून बसलं होतं. काट्याच्या बूची नात, आणि काट्यावर सरकेना! वागिनेम मग तिला सगळ्यांच्या शेवटी, ओसरी रिकामी झाल्यावर झोळीत घालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरचंच पोर आहे, त्याला कसली घाई?" तिच्या आयुष्यातली ही एवढीच लबाडी, आणि ती तिला गळ्यात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखी बोचत होती.

म्हणूनच योग्याकार्ताच्या विद्यापीठातून प्रामेस्ती नावाची मुलगी गाव शोधत आली, तेव्हा वागिनेमनं तिला चहा थंड होईस्तोवर हलू दिलं नाही. प्रामेस्तीला लहान मुलांच्या आतड्यातले जंतू पाहायचे होते. वाईट जंतू नव्हेत, तर तिथं कायमचे वस्तीला असणारे, जे आपल्याला न पचणारं पचवून देतात ते. मुलांच्या पोटात ही वस्ती पहिल्या काही वर्षांत बसते. सॅकरीनसारख्या पुडींनी तिच्यात काही उलथापालथ होते का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी मुलांची शी डब्यांत घालून न्यायची, मग काही दिवस पुडीचं गोड पूर्ण बंद करायचं आणि पुन्हा एकदा न्यायची.

"म्हणजे विरजण," वागिनेम म्हणाली. "पोटात एक विरजण असतं, आणि तुम्ही बघणार ते नासतंय का."

प्रामेस्ती हसली. "आमच्या सरांनासुद्धा हे इतकं थोडक्यात सांगता येत नाही, बू."

"मग? नासतं का?"

"तेच ठाऊक नाही. मोठ्या माणसांत काहींच्या पोटात फरक दिसलाय, काहींच्या नाही. लहान मुलांचं फारसं कुणी पाहिलेलंच नाही."

"मग आमच्याकडे बघा," वागिनेम म्हणाली, आणि गावाला न विचारता तिनं अख्खं गाव देऊन टाकलं. कुणाच्या पोटासाठी, ते मात्र बोलली नाही.

पुढच्या वजनाच्या दिवशी तिनं आयांना समजावलं. तिला बोलता येतं, आणि त्या दिवशी तर ती ठेवणीतली, पाहुण्यांपुढची भाषा बोलली. विद्यापीठाची माणसं येणार, शिकलेली माणसं, गावाची लाज राखा, जे द्याल ते नीट द्या, चांगलं द्या. आया तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. एक जण म्हणालीच, "बू, आमचं नशीब बघा! आम्ही कधी योग्याकार्ता पाहिलं नाही, आणि पोराची शी चालली गाडीत बसून."

"बर्फाच्या पेटीतून चाललीय," वागिनेम म्हणाली. "तू गेलीस तर तुला टपावर बसवतील."

डब्या वेळेवर आल्या. पेटी भरली, गेली. वागिनेम त्या दिवसापासून वाट बघत होती आणि कुणाला दिसू देत नव्हती.

प्रामेस्ती परत आली ती एकटीच आणि पेटीशिवाय. आधी तिनं तेंप्याचं कौतुक केलं. मग अंगणातल्या पपईची चौकशी केली. मग उकडलेल्या शेंगा एकेक करून, फार विचारपूर्वक सोलल्या. मागणी घालायला आलेला पाहुणाही इतका वेळ लावत नाही. आमच्याकडे पाहुणा जितका गोड बोलतो तितकं पुढचं कडू असतं.

"बू," प्रामेस्ती शेवटी म्हणाली, "आमच्या मशिनाचा जरा गोंधळ झालाय वाटतं. ते म्हणतंय की तुमच्या गावातल्या बहुतेक सगळ्या मुलांचं पोट एकच आहे."

"एकसारखं?"

"एकच." ती शेंगेकडे बघत होती. "एकाच मुलाचं. छान, निरोगी मुलगा आहे म्हणे."

वागिनेमचं तोंड तापलं. डब्या गोळा तिनं केल्या होत्या, त्यांवर नावं तिनं चिकटवली होती. म्हणजे ही शहाणी मुलगी मशिनाच्या नावाखाली विचारत होती की बाई, तुम्हीच घरी बसून भरल्यात का? प्रामेस्तीचीही अवस्था बरी नव्हती. सर म्हणत होते, आठवड्याभरात नीट नमुने आले तर ठीक, नाहीतर दुसरं गाव बघू.

दुसरं गाव म्हणजे आरुमच्या पोटाला उत्तर नाही. वागिनेम एवढंच म्हणाली, "मशिनाला म्हणावं, थोडं थांब."

पाहुणी गेल्यावर ती मागच्या दारी आली. एंदाह टोपलीत उभी राहून सोयाबीन तुडवत होती.

"एंदाह, आरुमची डबी तूच भरलीस ना?"

"भरली की, बू."

"कुणाची?"

एंदाहचे पाय थांबले. सुनेनं खोटं बोलायचं म्हटलं तरी टोपलीत उभं राहून ते जमत नाही. "तेगुहची," ती म्हणाली.

तेगुह तुमिराहचा नातू. आरुमच्याच वयाचा, दगड खाल्ला तरी पचवेल असा.

"तुम्हीच म्हणालात ना, गावाची लाज राखा, चांगलं द्या! आरुमचं त्या सकाळी नुसतं पाणी होतं. ते काट्याच्या बूच्या नावानं विद्यापीठात पाठवू? मी तुमिराहबूंच्या गाडीपाशी रडकुंडीला येऊन उभी होते. त्या म्हणाल्या, आणि रडतेस कशाला, आमच्या तेगुहची ने, भरपूर आहे. तेवढ्यात बाकीच्याही आल्या. कुणाचं घट्ट, कुणाचं पातळ, कुणाचं झालंच नव्हतं. तुमिराहबूंनी सगळ्यांना दिली. वाटीभर मीठ उसनं द्यावं तशी, चमच्यानं."

वागिनेम पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि एंदाह टोपलीतून उतरून जवळ आली तोवर ते हसणं राहिलेलं नव्हतं. पाहुण्याला घरातलं उत्तम द्यायचं. कोंबडी एकच असली तरी कापायची, स्वतः मिठाशी भात खायचा. हे तिनंच सुनेला शिकवलं, गावालाही तिनंच सांगितलं, आणि गावानं ते मनापासून ऐकलं. गावातली सगळ्यात चांगली शी निवडून सगळ्यांनी ती पाहुण्यांना दिली होती. ह्यात कुणाला दोष द्यायचा?

"तुमिराहला ठाऊक आहे का, आरुमचं वर्षभर असं चाललंय ते?" तिनं विचारलं.

"मी कशाला सांगू? म्हटलं आजच बिघडलंय. तुम्हीच सांगत नाही तर..."

वागिनेम सांगत नव्हती, हे खरं. रोज दुपारी तुमिराह आरुमला हाक मारून गुलाबी पिशवी द्यायची, फुकट, मायेनं. वागिनेमला कधीपासून संशय होता की त्यानंच पोट बिघडतं. पण ज्या हातानं आपल्याला घास भरवला तो हात पुढे आलेला असताना 'नको' कसं म्हणायचं? आमच्या भाषेत नकोला शब्द आहे, पण तो वापरात नाही. आम्ही 'हो हो, उद्या बघू' म्हणतो आणि पलीकडच्यानं ओळखायचं असतं. तुमिराह असलं काही ओळखणाऱ्यांतली नव्हती.

वजनाचा दिवस दोन दिवसांवर आला होता. गुपचूप घरोघर जाऊन नव्या डब्या वाटता आल्या असत्या. पण ती आयांना ओळखून होती. मनातली लाज जाईपर्यंत त्या पुन्हा कुणाची तरी उसनीच आणतील. लाज कुणाच्या तरी घरापासून मोडायला हवी होती, आणि ते घर तिचं स्वतःचंच, हे तिला दिसत होतं. गावातली पोरं जोखून तिनं उभं आयुष्य जे नाव कमावलं, ते सगळं त्या घरात ठेवलेलं होतं.

वजनाच्या दिवशी ओसरी भरली. प्रामेस्ती पेटी घेऊन कोपऱ्यात बसली होती, तुमिराह तेगुहला कडेवर घेऊन आली होती. वागिनेमनं काटा टांगला आणि पहिली हाक मारली ती आरुमला. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. आरुम झोळीत बसली, फ्रॉक वर सरकला, पोट दिसलं. वागिनेमनं वजन मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, मागच्यांना ऐकू यावं म्हणून.

"हे चार वर्षांच्या पोरीचं वजन नाही," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाचं पोर असं असतं तर मी दारात येऊन शिव्या घातल्या असत्या. वर्षभर माझ्या घरात आहे आणि मी तुमच्यापासून लपवलं. तुम्हाला चांगलं द्या म्हणून सांगणारी मीच, तेव्हा डब्यांची चूक तुमची नाही, माझी आहे. चांगली शी घेऊन ह्या विद्यापीठाच्या मुलीला काय करायचंय? चांगल्याला काय शोधायचं?" तिनं पिशवीतून डबी काढली आणि सगळ्यांपुढे धरली. "ही आरुमची. आज सकाळची. नीट बघा. वास येतोय ना? येऊ दे. ही काट्याच्या बूच्या घरची आहे."

डबी तिनं प्रामेस्तीच्या हातात दिली. प्रामेस्तीनं ती दोन्ही हातांनी घेतली, आमच्याकडे मोठ्या माणसाकडून वस्तू घेतात तशी.

वागिनेमनं हात झोळीच्या दोरीवर ठेवला. साऱ्या गावाला हसवणारी बाई, पण त्या घटकेला कुणी नुसतं खाकरलं असतं तरी ती रडली असती.

मग मागून एक आवाज आला. "बू, माझ्याचं चार-चार दिवस होतच नाही. मग एकदम बकरीच्या लेंड्या."

"माझीचं हिरवं असतं," दुसरी म्हणाली.

"हिरवं काय घेऊन बसलीस, आमच्याकडे फेस येतो!"

मग चढाओढच लागली. इतके दिवस गिळून ठेवलेलं बायांच्या तोंडातून भडाभडा बाहेर पडलं, कुणाचं सगळ्यात वाईट ह्यावर हसतखिदळत भांडणं झाली, आणि खाली मान घालून नव्या डब्यांवर नावं घालता घालता प्रामेस्तीची पुरेवाट झाली. उत्तर लगेच मिळणार नाही, असं ती सांगत होती. कित्येक महिने लागतील, आणि कदाचित शेवटी 'नीट कळलं नाही' असंही निघेल. बायका म्हणाल्या, चालेल. निदान आमचंच तरी निघेल.

ह्या गलक्यात तुमिराह कधी उठून गेली ते वागिनेमला कळलं नाही. दिसली ती नुसती रिकामी जागा.

दुपारी आरुमचा हात धरून वागिनेम शाळेच्या फाटकाशी गेली. घरी बसून राहता आलं असतं, पण ती तसली नाही. तुमिराहनं दोघींकडे पाहिलं. तिनं गुलाबी सरबत पिशवीत ओतलं, बर्फ घातला, नळी खोचली आणि पिशवी आरुमच्या तोंडासमोर धरली. आरुमनं हात पुढे केला. तुमिराहचे डोळे मात्र वागिनेमवर होते.

"बोल," ती म्हणाली. "तोंड आहे ना तुला? सकाळी गावापुढे तर छान चाललं होतं."

वागिनेमच्या ओठांवर सवयीनं 'उद्या बघू' आलं. ते तिनं गिळलं.

"नको," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"नको म्हटलं ना, तुमिराह! हिला देऊ नकोस. ह्यानंच होतं की नाही ते देव जाणे, ती मुलगी जाणे. पण मला भीती वाटते. वर्षभर वाटतेय."

तुमिराहनं पिशवी मागे घेतली आणि गटारात फेकली. गुलाबी पाणी वाहत गेलं. आरुमनं भोकाड पसरलं. तुमिराहनं तिला उचलून छातीशी धरलं, फुगलेल्या पोटावर हात फिरवला, आणि तो हात तिथंच राहिला.

"वर्षभर," ती म्हणाली. "अख्ख्या गावाची घाण उपसलीस गं तू हातानं, आणि माझ्याशी एक शब्द बोलवेना तुला? मला वाटायचं, पोरगी वाळतेय कशानं, तर खात नसेल. हिच्या पिशवीत मी रोज पुडीची एक चिमूट जास्त घालत होते. तुझी नात म्हणून."